आधी रेडिओ, मग दवाखाना

दाजी गेल्याचा निरोप मला कंपनीच्या गेटवर मिळाला. आमच्याकडे आत मोबाईल नेता येत नाही, तो लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मी विजेचं पॅनेल उघडून बसलो होतो, तेवढ्यात सिक्युरिटीवाला लगबगीने आला आणि म्हणाला, "भैया, घर से फोन है, जल्दी चलो." गेटच्या केबिनमध्ये रिसीव्हर बाजूला काढून ठेवला होता. पलीकडे बायको होती. "अहो, खुटबावला जायचंय," एवढंच ती म्हणाली. का, ते मी विचारलं नाही... विचारायची गरजच नव्हती. पण त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते आज लिहून टाकतो. मला दाजींचा चेहरा आठवला नाही, बहिणीचाही नाही. आठवली ती आमच्या कारेगावच्या घरात टीव्हीशेजारी स्टुलावर ठेवलेली, जुन्या टॉवेलने झाकलेली रेडिओची चेसी, म्हणजे त्याचा आतला पत्र्याचा सांगाडा. ती तिथे नसती, जिथे असायला हवी होती तिथे असती, तर हा फोन कदाचित आला नसता, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. हे खरं की खोटं, ते मला कोण सांगणार?

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. नाव धोंडीराम, पण मी त्यांना कधी नावाने ओळखलंच नाही. खुटबावला त्यांची शेती. ऊस, कांदा, विहिरीच्या कडेने मेथी-कोथिंबीर. त्यांच्या वडिलांपर्यंत घराणं मेंढरांमागे फिरलेलं. दाजींच्या काळात मेंढरं विकली गेली आणि पाण्याची मोटार आली, पण बोलण्यातून कळप गेला नव्हता. लग्नाला निघायचं असो की बाजाराला, दाजी मेंढरांचा तळ उठवल्यासारखं म्हणणार, "चला, वाडा हलवा." मेव्हण्याची थट्टा करणं हा दाजींचा हक्क असतो आणि ते तो पुरेपूर बजावत. मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, तरी चारचौघांत ओळख करून देताना म्हणायचे, "हे आमचं पाव्हणं. कंपनीत बटणं दाबत्यात. दाबून दाबून बोटं झिजली बिचाऱ्याची." मी चिडलो की त्यांना फार बरं वाटे. मग चुलीकडे तोंड करून ओरडायचे, "अगं ए, तुझ्या भावाला च्या टाक, तापलाय त्यो."

त्यांच्या घरातला व्हॉल्व्हचा रेडिओ त्यांच्या वडिलांनी, आबांनी आणलेला. आबा दौंडच्या रेल्वे क्वार्टर्सच्या मागच्या रानात कळप बसवत, तेव्हा एका गार्डच्या आजारी बायकोसाठी ते रोज शेळीचं दूध पोचवायचे. गार्ड दौंड सोडून गेला, जाताना त्याने हा रेडिओ आबांच्या हवाली केला. लाकडी पेटी, पुढे जाळीचं कापड, वरच्या बाजूला काच आणि काचेवर दूरदेशीच्या शहरांची नावं. बटण फिरवलं तरी तो लगेच बोलत नसे. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापायला वेळ लागायचा. घरातली माणसं उतावीळ झाली की आबा म्हणायचे, "मानूस बी झोपतनं उठल्या-उठल्या बोलत न्हाई. दम धरा." आणि पेटीच्या माथ्यावर तळहात ठेवून बसायचे, हाताला ऊब लागली की आवाज येणार हे ठरलेलं. ही सगळी हकिगत दाजी इतक्या वेळा सांगत, की मला तो हात मी स्वतः पाहिल्यासारखा वाटतो. पुढे आबा गेले आणि त्याच सुमारास रेडिओही मुका झाला. दाजींनी तो आबांच्याच घोंगडीत गुंडाळून माळ्यावर टाकला.

कोरोनाचा काळ सरल्यावर एका उन्हाळ्यात माळा झाडताना आक्काने ते बोचकं खाली काढलं. मी सुट्टीचा म्हणून गेलो होतो. घोंगडी उलगडली तर पेटीच्या पाठीमागून उंदराचं घरटं निघालं. वायरींचं कव्हर कुरतडलेलं, कंडेन्सर सुकून फुटलेले, एक व्हॉल्व्ह बुडाशी तडकलेला. मी म्हणालो, "दाजी, भंगारात द्या." ते मळक्या पंच्याने पेटी पुसत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "तुम्हाला जमत नसंल तर तसं सांगा. भंगार कशाला म्हनायचं?" झालं! तिथून आमचे सुट्टीचे दिवस त्या पेटीपुढे जाऊ लागले. मी कारेगावहून शिरूर, न्हावरा, चौफुला करत गाडीवर जायचो. बरोबर कधी पुण्याच्या जुन्या बाजारातून शोधलेले कंडेन्सर असत, कधी शिरूरच्या एका मोबाईलच्या दुकानात, मालकाच्या वडिलांनी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलेले व्हॉल्व्ह. दाजी सोल्डरिंगचा डाग द्यायला शिकले. चष्मा नाकाच्या टोकावर, जीभ ओठांत धरलेली आणि डाग चुकला की मला शिवी. अशा जुन्या सेटला थेट वीज द्यायची नसते, म्हणून मी मध्ये एक साधा बल्ब जोडला होता. आत काही बिघाड असला की बल्ब लख्ख पेटतो. पहिल्यांदा बटण दाबलं आणि बल्ब असा पेटला, की आक्का स्वयंपाकघरातून म्हणाली, "आली का लाईट?" दाजी म्हणाले, "आली. रेडिओ सोडून समद्या घरात आली."

त्या काचेची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एकदा मी यायच्या आधी पेटी स्वच्छ दिसावी म्हणून आक्काने काच काढून साबणाच्या पाण्यात घातली आणि घासली. नावं काचेच्या मागच्या बाजूला नुसत्या रंगाने छापलेली होती. सगळी शहरं मोरीत वाहून गेली. आक्का रडायला लागली. मला वाटलं, आता दाजी घर डोक्यावर घेणार. त्यांनी काच उन्हाला धरली, आरपार बघितलं आणि म्हणाले, "बरं झालं. त्यातलं येक तरी गाव आपुन बघितलंय का?" मग पांढरा ऑइलपेंट आणि काडेपेटीतली काडी घेऊन ते ओसरीत बसले. डावीकडून सुरुवात केली: खुटबाव, केडगाव, कासुर्डी, दौंड, शिरूर. सगळ्यात शेवटी, काचेच्या अगदी उजव्या टोकाला, लिहिलं कारेगाव. मी म्हणालो, "आम्हाला एवढं लांब टाकलं?" ते काडी पुसत म्हणाले, "तिथनं कायबी यायला येळच लागतो."

मागच्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या छातीत दुखू लागलं. उसाला पाणी द्यायला, दारं धरायला गेले की बांधावर बसून राहायचे. दौंडच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, पुण्याला न्या, उशीर करू नका. मी गाडी ठरवली. यवत ओलांडून कासुर्डीला चहाला थांबलो. दाजी लघवीला म्हणून हॉटेलच्या मागे गेले ते आलेच नाहीत. आक्का आणि मी रस्त्यावर हाका मारत फिरतोय आणि हे ओळखीच्या एका कांद्याच्या पिकअपमध्ये बसून केव्हाच खुटबावला पोचले होते. आम्ही घरी आलो तेव्हा ओसरीत रेडिओपुढे बसले होते. मी खूप बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेटीवर हात ठेवून म्हणाले, "पाव्हणं, आधी ह्याला उठवू, मग मी आडवा व्हतो. तुम्ही म्हनाल तिथं." पुन्हा एकदा ठरवलं, तेव्हा ते सकाळीच उसाच्या फडात जाऊन बसले. फोन घरी ठेवून.

तोवर रेडिओचं एकच मोठं काम उरलं होतं. आतला ट्रान्सफॉर्मर जळाला होता आणि तो पुन्हा गुंडाळून घ्यायचा होता. ज्यावर सगळे व्हॉल्व्ह आणि वायरी बसलेल्या असतात ती पत्र्याची चेसी पेटीतून सोडवून मी कारेगावला आणली. पेटी, काच आणि स्पीकर खुटबावलाच राहिले. शिरूरला पाण्याच्या जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरून देणारा एक जण आहे. त्याने आधी हात झटकले. "येवढी बारीक तार? ही मोटार हाय का केस?" मी बरेच हेलपाटे घातल्यावर तो तयार झाला, आणि काम असं केलं की बघत राहावं. एका संध्याकाळी मी घरी सगळं जोडलं. जुन्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर लावला, गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवरून वायर ओढली. मधला बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. व्हॉल्व्हच्या आत तांबडी तार उजळत गेली. नुसती खरखर. मग मी घरातली ट्यूब बंद केली, मोबाईलचा चार्जर काढला, तशी खरखर बसली आणि तिच्या तळातून एका बाईचं गाणं वर आलं. कुठलं केंद्र, कुठली भाषा, काही कळलं नाही. आवाज जवळ यायचा, लांब जायचा. बायको अंधारात उभी राहून म्हणाली, "अहो, दाजींना फोन लावा की."

मी लावला नाही... माझ्या मनात दुसरंच आलं होतं. इतके दिवस हा माणूस आम्हाला खेळवतोय. आता त्यांची दोरी माझ्या हातात आहे, असं मला वाटलं. मी आक्काला फोन करून सांगितलं, रेडिओ झालाय, पण मी तो आणत नाही. आधी दवाखाना, मग रेडिओ. ती म्हणाली, "बरं व्हईल बाबा, तसंच कर." ती असं म्हणाली हे मी स्वतःला किती वेळा ऐकवलं आहे! पण बेत माझा होता. ती घाबरलेली होती, तिने काहीही मान्य केलं असतं.

त्यानंतर दाजींचा दर दोन-चार दिवसांनी फोन. "काय, कंपनी, आमचा जीव कवा पाठवताय?" मी म्हणायचो, "पुण्याला चला. परत येताना गाडीत घालून देतो." ते म्हणायचे, "थापा मारताय. जाळला असंल तुम्ही. कबूल करा, मी कायबी बोलनार न्हाई." मी म्हणायचो, "वाजतोय, दाजी. चांगला वाजतोय." "मग ऐकवा फोनवर." आणि मी म्हणायचो, "यायचं आणि ऐकायचं. फुकट ऐकायला नाही." दोघेही हसायचो. मला त्या खेळात मजा येत होती, हे लिहिताना माझा हात थांबतो, पण ते खरं आहे. स्टुलावरचा टॉवेल बाजूला करून बटण दाबायचं आणि मोबाईल जवळ धरायचा, एवढंच काम होतं. ते केलं असतं तर माझी बाजू लंगडी पडली असती, म्हणून मी ते केलं नाही.

शेवटचा मी गेलो तेव्हा उसाची तोड सुरू होती. दाजी फडाकडे न जाता ओसरीत बसून होते, हीच गोष्ट मला खटकायला हवी होती. चेहरा उतरलेला. मोकळी पेटी समोर आणि तिच्यात त्यांचा चष्मा, चुन्याची डबी, औषधाच्या गोळ्या. आक्का गोठ्याकडे गेल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "पाव्हणं, जरा बसा. चेष्टा न्हाई करत आता." मी बसलो. ते काचेवर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "आबाला दौंडच्या दवाखान्यात नेलं, तवा घरी ह्यो चालू व्हता. मीच चालू ठिवला व्हता, म्हनलं आबा येईस्तवर चालू राहू दे. तिकडं आबा गेलं आन् हिकडं ह्यो बंद पडला. गाडीतनं झाकून आनला आबाला... आमच्यात कायबी मोठं काम काढलं की बिरोबाला कौल लावत्यात. देवानं उजवा दिला तर जायाचं, न्हाईतर बसायचं. मी कुनाला बोललो न्हाई, पर मी ह्याच्यावर कौल लावलाय. ह्यो बोलला तर मी दवाखान्यात जानार आन् चालत म्हागारी येनार. न्हाई बोलला, तर मला हितंच राहू द्या."

इतके दिवस मी ज्याला हट्ट समजत होतो, ती भीती होती. कासुर्डीच्या हॉटेलामागून पळालेला माणूस डॉक्टरला टाळत नव्हता, तो कौलाची वाट बघत होता. आणि कौल तर मिळालेला होता. उजवा मिळाला होता. तो माझ्या घरी टॉवेलखाली झाकून ठेवला होता.

मी काय म्हणालो, ते सांगतो. मी म्हणालो, "दाजी, हे असलं काय धरून बसलाय? मशीन आहे ते. तार जुळली की वाजतं." ते म्हणाले, "व्हय, मशीनच हाय. पर आना की तुम्ही. रविवारी आना, सोमवारी मी येतो. तुमच्या आक्काची शपथ." ते हरले होते. इतक्या महिन्यांच्या ओढाताणीत त्यांनी पहिल्यांदा दोरी सोडून दिली होती. आणि मी, त्यांनी आधी दोनदा फसवलं म्हणून, म्हणालो, "नाही. सोमवारी दवाखाना आधी. मी सुट्टी टाकतो, गाडी घेऊन येतो. रेडिओ गाडीतच असेल, ॲडमिट झालात की वॉर्डात लावून देतो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. "तुमचा इस्वास न्हाई माझ्यावर," एवढं म्हणाले आणि मग नेहमीसारखं ओरडले, "अगं ए, पाव्हणं निघालं, च्या टाक!" मी चहा घेतला आणि निघालो. न्हावऱ्याच्या अलीकडे गाडी थांबवून मी फोन हातात घेतला होता. वाटलं, सांगावं की आणतो, उद्याच आणतो. मग वाटलं, आता माघार घेतली तर ते पुन्हा पळतील. फोन खिशात घातला. सोमवार उजाडायच्या आधीच दाजी ओसरीतून उठताना पडले, ते उठले नाहीत.

लोक म्हणतात, होणारं टळत नाही. डॉक्टर म्हणाले, इतका उशीर झाल्यावर पुण्याला नेऊनही काही सांगता आलं नसतं. माझी बायको म्हणते, तुम्ही त्यांच्या भल्यासाठीच केलं. तिघांचंही मला पटतं आणि उपयोग कशाचाच होत नाही. मी ते भल्यासाठी केलं होतं, पण त्यांनी मागितलं होतं ते द्यायला मला भीती वाटायचं काही कारण नव्हतं. माझ्याकडे दोन्ही होतं. रेडिओही होता, गाडीही होती. गाडी घेऊन जायचं, आधी ओसरीत रेडिओ वाजवायचा आणि त्याच गाडीतून पुण्याला निघायचं, असं करता आलं असतं. तेवढं सुद्धा मला त्या वेळी सुचलं नाही... आपण माणसाला वाचवायला निघतो आणि वाटेत कधी त्याच्यावर मात करायला लागतो, ते आपलं आपल्याला कळत नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. आक्का ओसरीत मोकळ्या पेटीसमोर बसली होती. तिने पेटीतला चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा आत ठेवला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "बिरू, खरं सांग. तवा वाजत व्हता का त्यो?"

"हो," मी म्हणालो.

"म्हंजी तू म्हनायचास तवा खरंच वाजायचा? मला बी वाटायचं, तू त्यांना न्यायसाठी खोटं बोलतोस."

"खरंच वाजायचा, आक्का." मग ओसरीत ते कौलाचं बोलणं झालं होतं, तेही मी तिला सांगितलं. सगळं. फोन खिशात घातला होता तिथपर्यंत.

मला वाटलं, ती मला काहीतरी बोलेल, बोलावं असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "फोनवर तरी ऐकवायचा व्हता रे त्यांना." बस, एवढंच. त्यात राग असता तर मला सोसता आलं असतं. मी उठलो, गाडीची किल्ली काढली, तेव्हा ती पायरीपर्यंत आली आणि तिने विचारलं, "आता तरी आन की त्यो. आता कुनाला दवाखान्यात न्यायचंय?"

मी हो म्हणालो. त्याला आता कित्येक सुट्ट्या झाल्या. दर वेळी ठरवतो आणि दर वेळी काहीतरी निघतं. कधी ओव्हरटाईम, कधी गाडीचं काम. आक्का फोनवर विचारते आणि मी पुढच्या आठवड्यावर टाकतो. दाजींसारखाच मीही पळतोय आता, फक्त मला कुठल्या कौलाची वाट बघायची नाही. टेपरेकॉर्डरचा स्पीकर मी सोडवून ठेवला आहे. संध्याकाळी कामावरून आलो की ट्यूब बंद करतो, टॉवेल बाजूला करतो आणि नुसतं बटण दाबतो. व्हॉल्व्हमधली तार हळूहळू तांबडी होते. मी पत्र्यावर तळहात ठेवून बसतो. ऊब येते. हाताला ऊब लागली की आवाज येणार, हे आबांच्या वेळेपासून ठरलेलं आहे, पण इथे आवाज यायला काही जोडलेलंच नाही. तिकडे खुटबावला पेटीत स्पीकर आहे, काच आहे आणि काचेच्या उजव्या टोकाला दाजींच्या हातचं माझं गाव आहे... सगळ्यात शेवटचं.